लॅबच्या सर्व्हरवर साठ जणांची खाती: लॉगिन नाव कसं ठरवायचं

नमस्कार. तुमचे तीन प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पदविका महाविद्यालयाच्या लॅबमध्ये एक उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर आहे. आठ शिक्षकांची खाती त्यावर आधीपासून आहेत, आता पहिल्या वर्षाच्या साठ विद्यार्थ्यांची खाती तयार करायची आहेत. लॉगिन म्हणून रोल नंबर द्यायचा की नाव-आडनाव? साठही खाती एकदम कशी तयार करायची? आणि एका मॅडमचं लग्नानंतर आडनाव बदललं आहे, त्यांना लॉगिनही बदलून हवं आहे, ते करता येईल का?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. आडनाव लॉगिनमध्ये घातलं म्हणून आज ते बदलायची वेळ आली. रोल नंबर घातलात तर पुढच्या वर्षी वर्ग आणि तुकडी बदलली की साठही जणांचं लॉगिन खोटं ठरेल. नाव ठरवताना मी एकच गोष्ट तपासतो: माणूस संस्थेत असेपर्यंत यातलं काय बदलू शकतं? जे बदलू शकतं ते लॉगिनमध्ये घालत नाही. वर्ग, शाखा, हुद्दा, आडनाव, लग्नानंतर बदलणारं मधलं नाव, सगळं बाहेर.

किती मशीन आहेत यावर काही गोष्टी अवलंबून आहेत. एकच सर्व्हर आणि शंभरेक माणसं असतील तर खालची साधी पद्धत पुरते. लॅबमधल्या तीस मशीनवर तीच खाती हवी असतील तर एलडॅप, फ्रीआयपीए किंवा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी अशी मध्यवर्ती व्यवस्था लागेल. नावांचे नियम मात्र दोन्हीकडे तेच राहतात, त्यामुळे आज नीट ठरवलेली नावं उद्या तशीच तिकडे नेता येतात. (कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टंकताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी लहान लिपीतली.)

लिनक्सच्या दृष्टीने माणसाची ओळख म्हणजे एक आकडा, यूआयडी. फाईलवर मालक म्हणून नाव नोंदलेलं नसतं, हा आकडा नोंदलेला असतो. फाईलींची यादी दाखवणारी ‘एलएस -एल’ कमांड दिल्यावर जे नाव दिसतं ते त्या क्षणी ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’ या फाईलमधून आकड्याशी जुळवून दाखवलेलं असतं. त्या फाईलच्या प्रत्येक ओळीत कोलनने वेगळे केलेले सात रकाने असतात: लॉगिन, पासवर्डच्या जागी नुसता एक्स, यूआयडी, मुख्य गटाचा आकडा, पूर्ण नाव, घराची डिरेक्टरी (त्या माणसाच्या फाईलींची जागा) आणि शेल (टंकलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम). म्हणजे माणसाचं खरं नाव लिहायला तिथे स्वतंत्र जागा आहे. लॉगिनवर तो भार टाकायची गरजच नाही. पूर्ण नाव कधीही बदलता येतं आणि त्याने काहीही मोडत नाही.

आता आपल्याकडच्या नावांबद्दल, कारण परदेशी मार्गदर्शिकांत हे सापडत नाही. नाव-आडनाव घेतलं की पहिला घोळ स्पेलिंगचा. दीपक कुणी दोन ‘ई’ने लिहितो, कुणी एका ‘आय’ने. ज्ञानेश्वर ‘डी’ने सुरू होतो किंवा ‘जी’ने. प्रवेश अर्जावर एक, आधार कार्डावर दुसरं आणि मुलगा स्वतः लिहितो ते तिसरं, असं सर्रास असतं. लॉगिन जमत नाही म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींमागे एवढंच कारण निघतं. दुसरा घोळ एकाच नावाच्या माणसांचा. साठांच्या वर्गात पाटील, जाधव, शिंदे किती असतील हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग आद्याक्षरं घ्यावीत का? आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन आद्याक्षरं घ्यायची पद्धत आहे आणि ती सोयीची वाटते. पण इथे एक खरा धोका आहे. अनिल, दत्तात्रय, मोरे अशी तीन नावं असली की आद्याक्षरं होतात ए-डी-एम, आणि त्या नावाचा गट उबुंटूत आधीपासून असतो. त्या गटातल्या माणसाला सर्व्हरच्या बऱ्याच लॉग फाईल वाचता येतात. ‘यूजरअ‍ॅड’ (खातं तयार करणारी कमांड) अशा वेळी थांबतं आणि सांगतं, हा गट आधीच आहे, यात घालायचं असेल तर ‘-जी’ वापरा. घाईत असलेला माणूस सूचना पाळतो आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लॉग वाचायची मुभा मिळते. एल आणि पी अशी दोन आद्याक्षरं घेतली तर ते प्रिंटिंगसाठी राखलेलं खातं निघतं, यूआयडी ७. ‘मॅन’ हेही आधीच घेतलेलं, म्हणजे मनोज किंवा मंदारचं नाव तीन अक्षरांवर आणायचं झालं तर अडलात. म्हणून कुठलंही नाव पक्कं करण्याआधी ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’ आणि ‘गेटएंट ग्रुप’ या दोन्ही कमांड त्या नावासह चालवून बघायच्या. दोन्हीकडून काहीच आलं नाही तरच ते नाव मोकळं. शिवाय आद्याक्षरांतून कधी कधी असा शब्द तयार होतो की त्या मुलाला तीन वर्षं चिडवतील. यादी तयार झाल्यावर ती एकदा माणसाने वाचलीच पाहिजे.

थेट देवनागरीत लॉगिन का नको, हेही कुणीतरी विचारेल. मन कितीही म्हणालं तरी नको. कमांड ते बहुधा नाकारतातच, पण खरी अडचण खोलात आहे. गोऱ्हे किंवा कऱ्हाडे यांतला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावं. एका कीबोर्डवरून लॉगिन होईल, दुसऱ्यावरून होणार नाही आणि कारण कुणालाच दिसणार नाही. पूर्ण नावाच्या रकान्यात मात्र देवनागरी खुशाल लिहा, ग्राफिकल पडद्यावर ते नीट दिसतं. सर्व्हरच्या काळ्या मजकुरी कन्सोलवर जोडाक्षरं दिसणार नाहीत. तिथे सतत काम असेल तर पूर्ण नावही रोमनमध्ये ठेवा.

अक्षरांचे नियम कारणांसह सांगतो, म्हणजे पाठ करावे लागणार नाहीत. सुरुवात लहान रोमन अक्षराने, पुढे लहान अक्षरं आणि अंक, बस. मोठी अक्षरं नकोत, कारण लिनक्स लहान-मोठ्यात फरक करतं आणि विंडोज करत नाही. पुढे दोन्ही जोडायची वेळ आली की गोंधळ होतो. कोलन तर चालतच नाही, तो रकान्यांचा विभाजक आहे. टिंब टाळा: फाईलचा मालक बदलणाऱ्या ‘चोन’ कमांडच्या जुन्या लिखाणात मालक आणि गट यांच्यामध्ये टिंब असायचं आणि तशा स्क्रिप्ट अजून फिरत असतात. आडव्या रेघेने सुरू होणारं नाव कमांडला पर्याय वाटतं. लांबी ‘यूजरअ‍ॅड’ ३२ अक्षरांपर्यंत स्वीकारतं आणि विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या लॉगिनला २० ची मर्यादा आहे, पण मी ८ च्या आत राहतो. चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या ‘पीएस’च्या यादीत त्याहून लांब नाव कापून पुढे अधिकचं चिन्ह दिसतं, आणि एकाच सुरुवातीची दहा नावं असली की कुणाचा प्रोग्राम अडकलाय ते कळत नाही.

नुसते अंक किंवा अंकाने सुरू होणारं नाव हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि विद्यापीठाचा पीआरएन किंवा एनरोलमेंट नंबर जसाच्या तसा घेतला की नेमकं तेच होतं. ‘चोन’ला आकडा दिला की ते आधी त्या नावाचं खातं शोधतं, नसेल तर तो आकडा यूआयडी समजतं. आकडा हेच नाव असेल तर फाईल कुणाच्या मालकीची होईल याचा भरवसा नाही. २०१७ मध्ये सिस्टमडीत (लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) एक दोष उघड झाला होता: सेवेच्या फाईलमध्ये अंकाने सुरू होणारं नाव लिहिलं तर ते अवैध मानून ती ओळच सोडून दिली जायची आणि सेवा थेट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालायची. एका अक्षराची काटकसर करायला जाऊन एवढी जोखीम कशाला?

तुमच्यासाठी मी असं ठरवेन. विद्यार्थ्याचं लॉगिन म्हणजे ‘एस’ हे अक्षर, प्रवेशवर्षाचे दोन अंक आणि त्या वर्षीच्या प्रवेश नोंदवहीतला तीन अंकी क्रमांक: एस२५०१७. प्रवेशाचं वर्ष घडून गेलेलं असतं. मुलगा नापास झाला, शाखा बदलली, तरी ते बदलत नाही. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ते ज्या वर्षी आले तेच वर्ष द्या आणि क्रमांक पुढे चालू ठेवा. ‘एल’ आणि ‘ओ’ ही अक्षरं सुरुवातीला नकोत, ती एक आणि शून्यासारखी वाचली जातात. ‘एस पंचवीस शून्य सतरा’ हे फळ्यासमोरून ओरडून सांगितलं तरी चुकत नाही, आणि लॅबमध्ये याचा रोज उपयोग होतो.

यूआयडीही याच अंकांचा घ्या: २५०१७. सामान्य खात्यांसाठी १००० ते ६०००० ही व्याप्ती असते, त्यात तो सहज बसतो. उद्या दुसरा सर्व्हर आला आणि एनएफएसने (नेटवर्कवरून) डिरेक्टरी जोडल्या तरी दोन्हीकडे तोच आकडा राहील. आकडे वेगळे असले तर एकीकडच्या मुलाच्या फाईल दुसरीकडे भलत्याच्याच मालकीच्या दिसतात. यातली एक खोच मात्र लक्षात ठेवा. ‘यूजरअ‍ॅड’ला यूआयडी सांगितला नाही तर ते त्या व्याप्तीतला सर्वांत मोठा वापरलेला आकडा घेऊन पुढचा देतं. म्हणजे २५०६० पर्यंत मुलं भरल्यावर नव्या शिक्षकाचं खातं नुसतंच केलं तर त्याला २५०६१ मिळेल आणि एकसष्टावा विद्यार्थी आला की अडेल. शिक्षकांसाठी २००१ पासून पुढचे आकडे राखून ठेवा आणि दर वेळी ‘-यू’ लिहाच.

शिक्षकांना अंकी नाव देऊ नये असं माझं मत आहे. ते वर्षानुवर्षं त्याच लॉगिनने काम करतात. फक्त स्वतःचं पहिलं नाव घ्या, स्पेलिंग ते स्वतः लिहितात तेच. दुसरे त्याच नावाचे आले तर पुढे २ लावा. नाव आणि आडनाव दोन्ही दिसायला हवीत अशी अपेक्षा असते ती ईमेलच्या पत्त्यात. त्यासाठी मेल सर्व्हरवर टोपणपत्ता ठेवता येतो, तो हवा तेव्हा बदलता येतो आणि जुनाही काही काळ चालू ठेवता येतो.

आतापर्यंत ठरलं ते एवढं: विद्यार्थ्याला एस आणि पाच अंक, यूआयडी तेच पाच अंक, शिक्षकाला पहिलं नाव आणि २००१ पासूनचा यूआयडी, खरं नाव पूर्ण नावाच्या रकान्यात. आता प्रत्यक्ष काम.

यादी बहुधा एक्सेलमध्ये येते आणि निम्म्या चुका तिथेच जन्मतात. ०१७ चे शून्य उडून १७ होतात, म्हणून तो स्तंभ आधीच मजकूर प्रकारचा करा. एक्सेल १५ पेक्षा जास्त अंक धरून ठेवत नाही, त्यामुळे त्याहून लांब पीआरएनचे शेवटचे अंक गुपचूप शून्य होतात आणि मूळ फाईल जपली नसेल तर परत मिळत नाहीत. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करणारी सोय बंद करा. फाईल युटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केली की सुरुवातीला एक अदृश्य खूण येते आणि पहिल्याच विद्यार्थ्याचं लॉगिन ‘अवैध नाव’ म्हणून नाकारलं जातं. विंडोजवर जतन केलेल्या फाईलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर असतं. ते पासवर्डला चिकटलं तर साठही जणांना ‘चुकीचा पासवर्ड’ येतो, शेलच्या रकान्याला चिकटलं तर पासवर्ड बरोबर असूनही आत जाता येत नाही. सर्व्हरवर फाईल आणल्यावर ‘डॉस२युनिक्स’ चालवा, ते शेवटचं अक्षर काढतं आणि सुरुवातीची खूणही.

खाती तयार करायला ‘न्यूयूजर्स’ ही कमांड आहे. ती सात रकान्यांची फाईल घेते आणि एक ओळ चुकली तरी सगळे बदल रद्द करते. मला मात्र साधी लूप आवडते. कुठल्या ओळीवर काय झालं ते दिसतं. प्रत्येक ओळीतून लॉगिन, यूआयडी आणि पूर्ण नाव वाचायचं आणि ‘यूजरअ‍ॅड’ला द्यायचं: घरासाठी ‘-एम’, आकड्यासाठी ‘-यू’, पूर्ण नावासाठी ‘-सी’, शेलसाठी ‘-एस /बिन/बॅश’. उबुंटूवर ‘-एम’ विसरलात तर घराची डिरेक्टरी तयारच होत नाही. ‘-एस’ विसरलात तर साधं एसएच मिळतं आणि वरचा बाण दाबला की आधीची कमांड येण्याऐवजी विचित्र चिन्हं उमटतात. मुलांनी ही तक्रार केली की कारण हेच समजा. आधी एकच चाचणी खातं तयार करा, त्यात शिरून बघा, मगच साठांची लूप चालवा.

पासवर्डसाठी जन्मतारीख किंवा पीआरएन वापरू नका. पीआरएन निकालाच्या यादीत असतो आणि जन्मतारीख वर्गमित्रांना पाठ असते. ‘पीडब्ल्यूजेन -बी १० ६०’ चालवलं की दहा अक्षरी साठ पासवर्ड मिळतात. इथला ‘बी’ मोठा, त्याने एकसारखी दिसणारी अक्षरं वगळली जातात. लॉगिन, कोलन, पासवर्ड अशा ओळींची फाईल ‘सीएचपासडब्ल्यूडी’ला द्या. ‘यूजरअ‍ॅड’च्या ‘-पी’ला साधा पासवर्ड देऊ नका. तिथे हॅश, म्हणजे पासवर्डचं सांकेतिक रूप, अपेक्षित असतो, त्यामुळे लॉगिन होतच नाही. ती फाईल फक्त तुम्हाला वाचता येईल अशी ठेवा आणि चिठ्ठ्या वाटून झाल्या की पुसा. मग प्रत्येकासाठी ‘चेज -डी ०’, म्हणजे पहिल्या लॉगिनलाच पासवर्ड बदलावा लागेल. पहिलं लॉगिन टर्मिनलमधूनच करून घ्या. फक्त फाईल पाठवणाऱ्या प्रोग्रामातून पासवर्ड बदलायची सोय मिळत नाही आणि मूल ‘कनेक्ट होत नाही’ म्हणत बसतं.

गटांबद्दल एक चूक फार जण करतात. सगळ्या मुलांचा मुख्य गट एकच ठेवला की नीटनेटकं वाटतं. पण उबुंटू २१.०४ पासून घराची परवानगी ७५० असते, म्हणजे गटातल्या सगळ्यांना वाचता येतं. मुख्य गट सामायिक झाला की सगळ्यांची असाइनमेंट सगळ्यांना उघडी. प्रत्येकाचा मुख्य गट स्वतःच्या नावाचाच राहू द्या, जो आपोआप तयार होतो, आणि विद्यार्थ्यांचा सामायिक गट जादा म्हणून जोडा. जोडताना ‘यूजरमॉड’ला (असलेलं खातं बदलणारी कमांड) ‘-ए’ आणि मोठा ‘जी’ एकत्र द्या. ‘-ए’ राहिला तर आधीचे सगळे जादा गट निघून जातात. हे स्वतःच्या खात्यावर केलंत तर सुडोचा, म्हणजे रूटच्या नावाने कमांड चालवायचा, अधिकारही जातो.

मुलं बाहेर पडल्यावर खातं लगेच पुसू नका. नुसता पासवर्ड बंद केला तर एसएसएच किल्लीने (पासवर्डऐवजी चालणाऱ्या फाईलने) अजूनही आत येता येतं, म्हणून ‘यूजरमॉड’ मोठ्या ‘एल’सह आणि सोबत ‘--एक्स्पायरडेट १’. त्यांचे चालू प्रोग्राम आणि क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं थांबवा, घराची प्रत बाजूला ठेवा, निकाल लागल्यावर खातं काढा. लॉगिन आणि यूआयडी पुन्हा कुणालाही देऊ नका. विसरलेल्या कोपऱ्यात राहिलेल्या जुन्या फाईल नव्या माणसाच्या मालकीच्या होतात. वर्ष नावात असल्याने तुमच्याकडे हे आपोआप साधतं.

आता मॅडमचं लॉगिन. काही जण सांगतील की फक्त पूर्ण नाव बदला, लॉगिनला हात लावू नका. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं आहे, पण रोज सकाळी जुनं नाव टंकायला लावणं बरोबर नाही. त्यांना जुनं नाव नको असेल तर बदलून द्यावं. फक्त या वेळी नव्या आडनावाऐवजी त्यांचं पहिलं नाव घ्या, म्हणजे ही वेळ पुन्हा येणार नाही.

करताना त्या पूर्ण बाहेर पडलेल्या हव्यात. एखादा प्रोग्राम चालू असेल तर ‘यूजरमॉड’ नकार देतं आणि त्याचा क्रमांक सांगतं. पासडब्ल्यूडी, शॅडो, ग्रुप आणि जीशॅडो या चार फाईलींची प्रत घ्या. ‘क्रॉनटॅब’ची यादी आधी फाईलमध्ये उतरवून ठेवा, कारण ती लॉगिनच्या नावाने साठवलेली असते आणि मागे राहते. मग ‘यूजरमॉड -एल’ आणि नवं नाव, ‘-डी’ आणि नवं घर, ‘-एम’, शेवटी जुनं नाव. घर हलवायला ‘-एम’ लागतोच. त्यानंतर ‘ग्रुपमॉड -एन’ने त्यांच्या गटाचं नाव बदला, हे आपोआप होत नाही. यूआयडीला हात लावू नका, फाईलींची मालकी त्यावरच टिकून आहे.

मोडतं ते जिथे जुनं नाव अक्षरशः लिहिलेलं आहे तिथे: सुडोअर्समधली ओळ, एसएसएचच्या परवानगीची यादी, सांबाचं (विंडोजशी फाईल वाटून घ्यायची सेवा) वेगळं खातं, डेटाबेसमधलं खातं, स्क्रिप्टमधले पूर्ण पत्ते, पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. शेवटची दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने तयार करणं सोपं. ‘/ईटीसी’मध्ये जुन्या नावाचा ‘ग्रेप’ (मजकुराचा शोध) केला की बाकी बहुतेक जागा सापडतात. जुन्या घराच्या पत्त्यावर नव्या घराकडे नेणारी सिमलिंक एक सत्रभर राहू द्या, आणि बदलानंतरचं पहिलं लॉगिन मॅडमनी स्वतः, तुम्ही शेजारी असताना करावं.